मरे हिलची गणितशाखा आणि करमरकरांची आतली वाट

१ जानेवारी १९८४ ला अमेरिकेतली एटी अँड टी ही अवाढव्य टेलिफोन कंपनी सरकारशी झालेल्या तडजोडीप्रमाणे फुटली. गावोगावचे फोन चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या निघाल्या आणि त्यांच्यासाठी बेल लॅब्ज या एटी अँड टीच्या संशोधन संस्थेतली काही माणसंही बेलकोर नावाच्या नव्या संस्थेत गेली. न्यू जर्सीतल्या मरे हिलला मागे राहिलेल्यांपुढे प्रश्न होता तो पैशाचा. दूरध्वनीच्या मक्तेदारीवर पोसलेलं संशोधन यापुढे कशाच्या जोरावर चालणार? त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर याच लॅब्जमधल्या २८ वर्षांच्या एका गणितज्ञाची आणि त्याने काढलेल्या नव्या रीतीची बातमी झळकली. त्याचं नाव नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला हा मुलगा १९७८ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियंता झाला, पुढे कॅलटेकला गेला आणि बर्कलीत रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली त्याने पीएच.डी. केली.

त्या बातमीने करमरकरांचं नाव जगभर झालं आणि आपल्याकडेही त्यांचं कौतुक झालं. त्यानंतर सहा वर्षांनी त्यांच्या गटाने एका वेगळ्याच दाराला हात घातला, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. ज्या प्रश्नांची उत्तरं फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ अशीच असतात, ते प्रश्न अपूर्णांकांच्या प्रदेशातून चालत जाऊन सुटतात का, हे त्यांनी करून पाहिलं. तो प्रयत्न मरे हिलच्या घडणीतूनच निघाला आणि ती घडण विस्कटली तेव्हा अर्ध्यावर राहिला, असं माझं मत आहे. म्हणून इथे करमरकरांबरोबर त्या गणितशाखेचीही वाटचाल सांगायची आहे.

हो-नाहीच्या गणिताशी या संस्थेचं नातं जुनं. क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात दाखवलं होतं की रिलेंची उघडझाप जॉर्ज बूलच्या बीजगणितात मांडता येते. १९४१ मध्ये ते बेल लॅब्जमध्ये आले. टेलिफोन एक्स्चेंज म्हणजे हजारो स्विचांचं जाळं, तेव्हा त्यांच्यासाठी याहून योग्य जागा नव्हती. १९७३ मध्ये शेन लिन आणि ब्रायन कर्निगन यांनी फिरत्या विक्रेत्याच्या प्रश्नावर त्यांची गाजलेली रीत दिली. रॉन ग्रॅहम गणितशाखेची धुरा सांभाळत असताना मायकेल गेरी आणि डेव्हिड जॉन्सन यांनी १९७९ मध्ये दुष्कर प्रश्नांवरचं ते पुस्तक लिहिलं, जे आजही संगणकशास्त्राच्या प्रत्येक विभागात हाताशी असतं. तीनशेहून अधिक प्रश्नांची यादी त्यात होती. जवळजवळ सगळे एकाच माळेचे. एकाची सोपी रीत सापडली तर सगळ्यांची सापडेल असे.

त्या माळेचा पहिला मणी म्हणजे सॅट. टोरंटोच्या स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये तो ओवला आणि पुढच्याच वर्षी कार्प यांनी २१ प्रश्न त्याला जोडून दिले. म्हणजे करमरकरांना हा प्रश्न गुरूकडूनच मिळालेला होता.

सॅट समजून घ्यायला आमच्या हैदराबादेतलं नामपल्लीचं स्टेशन पुरेसं आहे. मुंबईहून हुसेनसागर एक्सप्रेसने येणारा माणूस इथेच उतरतो, कारण रूळ इथे संपतात. प्लॅटफॉर्म सहा. गाडी आली की ती पुढे निघून जात नाही, जागा अडवून उभी राहते. समजा एका वेळच्या दहा गाड्यांना जागा नेमून द्यायच्या आहेत. ‘हुसेनसागर तीनवर का?’, ‘तेलंगणा एक्सप्रेस तीनवर का?’ असे गाडी गुणिले प्लॅटफॉर्म मिळून ६० हो-नाहीचे प्रश्न होतात. मग अटी येतात. प्रत्येक गाडीला सहापैकी निदान एका प्रश्नाचं उत्तर ‘हो’ हवं. दोन गाड्यांची वेळ एकमेकींवर चढत असेल तर ‘ही तीनवर नाही’ किंवा ‘ती तीनवर नाही’ यातलं निदान एक खरं हवं. सगळ्या अटी एकदम पाळणारी उत्तरांची एक तरी मांडणी आहे का, एवढंच सॅट विचारतो. अटी बाजूला ठेवून नुसत्या मांडण्या मोजल्या तर त्या ११,५०० कोटी कोटी भरतात. सेकंदाला शंभर कोटी तपासणारं यंत्र बसवलं तरी सगळ्या पाहायला ३६ वर्षं लागतील. आणि ६० प्रश्न म्हणजे काहीच नाही. हायटेक सिटीत बसून चिपांचे आराखडे तपासणाऱ्या अभियंत्यांसमोर अशा प्रश्नांची संख्या लाखांत असते.

या प्रश्नावर १९६० च्या सुमारास डेव्हिस आणि पटनम यांनी, आणि मग १९६२ मध्ये डेव्हिस, लोगेमन, लव्हलँड यांनी जी वाट पाडली ती फांद्यांची. एका प्रश्नाला ‘हो’ धरायचं, त्यातून जे ओघाने येतं ते भरत जायचं, अडलं की मागे फिरून ‘नाही’ धरायचं. उत्तरं सुटी सुटी, म्हणून शोधही सुटा सुटा. मरे हिलच्या गटाने मात्र हा प्रश्न हाती घेतला तेव्हा त्यांच्या हातातलं हत्यार दुसऱ्याच कामावर घडवलेलं होतं.

ते काम म्हणजे लिनियर प्रोग्रॅमिंग. रिफायनरीत कोणतं तेल किती मिसळायचं, कोणत्या विमानाला कोणता चमू द्यायचा, असे अनेक अटींखाली सर्वांत स्वस्त निवड करायचे प्रश्न. जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स रीत अटींनी बांधलेल्या बहुमितीय आकाराच्या कडांवरून, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. व्यवहारात ती उत्तम चालते, पण १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असे आकार रचून दाखवले की तिला जवळजवळ प्रत्येक कोपरा पाहावा लागावा. १९७९ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद खाचियान यांनी सिद्धांतात खात्रीची रीत दिली, पण ती प्रत्यक्षात रेंगाळायची. १९८४ च्या त्या बातमीतल्या रीतीत करमरकरांनी कडा सोडून दिल्या. आकाराच्या पोटात एका बिंदूवर उभं राहायचं, तो बिंदू मध्यभागी येईल असं सारं अवकाश ताणून घ्यायचं, उत्तराच्या दिशेने एक दमदार पाऊल टाकायचं, पुन्हा ताणायचं. भिंतीला चिकटलं की पाऊल तोकडं पडतं, म्हणून भिंतीजवळ जायला दंड. खात्रीही होती आणि वेगही.

पुढची काही वर्षं कडवट गेली. कंपनीने रीतीचे बारकावे झाकून ठेवले, वेगाचे दावे बाहेरच्यांना पडताळता येईनात आणि भरसभेत वाद झाले. १९८६ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की ही रीत जुन्या लॉगरिदमी दंडाच्या पद्धतीशी नातं सांगते; सायबेरियातल्या इल्या दिकिन यांचं १९६७ चं अशाच जातीचं कामही मग लोकांच्या नजरेस आलं. तरीही करमरकरांच्या आधी ही वाट फारसं कुणी चालत नव्हतं आणि त्यांच्यानंतर सगळेच चालू लागले, हे कुणाला नाकारता येणार नाही. १९८८ मध्ये पेटंट मिळालं. त्याच सुमारास एटी अँड टीने कोर्बेक्स नावाचं यंत्र बाजारात आणलं, रीत आणि आठ प्रोसेसरांचा संगणक एकत्र, किंमत ८९ लाख डॉलर. अमेरिकी हवाई दलाच्या मालवाहू विभागाने त्यावर आपली आखणी करून पाहिली. यंत्र म्हणून ते फार खपलं नाही. पण गणितज्ञाच्या फळ्यावरची गोष्ट चार वर्षांत विमानांच्या वेळापत्रकापर्यंत नेणारी माणसं त्या संस्थेत होती. सिद्धांतवाले, प्रोग्रॅम लिहिणारे आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न घेऊन येणारे एकाच लांबलचक बोळात वावरत होते.

अनिल कामत, करमरकर, के. जी. रामकृष्णन आणि ब्राझीलहून आलेले मॉरिसिओ रेसेंडे या चौघांचा १९९० चा सॅटवरचा निबंध याच वातावरणातला.

त्यांची युक्ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. ‘हो’ला +१ आणि ‘नाही’ला −१ म्हणा. मधल्या सगळ्या संख्यांना मुभा द्या; ०.३ म्हणजे ‘हो’कडे थोडासा कल. ‘हुसेनसागर तीनवर’ आणि ‘तेलंगणा तीनवर’ हे दोन्ही एकदम नकोत, ही अट आता साधी बेरीज होते. दोन्ही संख्यांची बेरीज शून्याच्या वर जाता कामा नये. +१ आणि +१ बाद, +१ आणि −१ चालेल. प्रत्येक अट अशीच एका सरळ असमानतेत बसते आणि सगळा प्रश्न करमरकरांच्या ओळखीच्या घरात येतो.

पण इथे एक खोच आहे, आणि ती या विषयाच्या मुळाशी आहे. सगळ्या संख्या शून्य ठेवा. निदान दोन पर्याय असलेली प्रत्येक अट पाळली जाते. म्हणजे ‘कुठल्याच गाडीचं काहीच ठरवलं नाही’ हे उत्तर सगळ्या नियमांत बसतं. नुसतं लिनियर प्रोग्रॅमिंग लावलं तर ते खुशाल हे किंवा असलंच अधांतरी उत्तर हाती ठेवेल. गटाने तुलनेसाठी मिनॉस या तेव्हाच्या नावाजलेल्या प्रोग्रॅमने ती साधी वाटही चालून पाहिली होती.

म्हणून करमरकरांनी ध्येयच बदललं. प्रत्येक संख्येचा वर्ग घ्या आणि सगळ्यांची बेरीज करा. संख्या −१ ते +१ मध्येच असल्याने ही बेरीज जास्तीत जास्त होते ती सगळ्या संख्या टोकांवर गेल्या तरच, म्हणजे सगळं ठरलं तरच. तेव्हा मध्याकडून कोपऱ्यांकडे ढकलणारा एक जोर आणि अटींच्या भिंतींपासून दूर ठेवणारा दुसरा, असे दोन्ही एकाच सूत्रात घातले. आता प्रदेश सपाट राहिला नाही, त्यात दऱ्या पडल्या. आतल्या बिंदूभोवती एक लंबगोल आखायचा, त्याच्यापुरता प्रदेश सोप्या आकाराचा मानून सर्वांत खोल जागा काढायची, तिथे सरकायचं. अधूनमधून प्रत्येक संख्या जवळच्या टोकाला नेऊन पाहायचं की अटी पाळल्या गेल्या का. एखाद्या खोट्या दरीत अडकलं तर ती दरी कापून टाकणारी नवी अट घालायची आणि पुन्हा मध्यापासून निघायचं.

त्यांनी शेकडो प्रश्न यादृच्छिक पद्धतीने तयार केले, १०० ते १००० चलांचे (म्हणजे हो-नाहीच्या सुट्या प्रश्नांचे) आणि १०० ते ३२,००० अटींचे, आणि ते सोडवले. सुट्या उत्तरांचा प्रश्न अखंड प्रदेशातून चालत सोडवता येतो, हे आकड्यांनिशी दिसलं. याच चौघांचा १९९२ चा निबंध मला त्याहून मोलाचा वाटतो. त्यात एका बंद पेटीतलं तर्कसूत्र ओळखायचं आहे. पेटीला ८, १६ किंवा ३२ तारा आत जातात, एक तार बाहेर येते. काही मोजक्या चाचण्यांत आत काय घातलं आणि बाहेर काय आलं एवढंच माहीत आहे. त्यावरून आतली रचना सांगा. म्हणजे उदाहरणांवरून नियम शिकणं, आज ज्याला मशीन लर्निंग म्हणून सगळे ओळखतात ते, सॅटच्या रूपात मांडून आतल्या वाटेने सोडवलेलं. दडवलेल्या सूत्रांपैकी बहुसंख्य त्यांना सापडली. तिथे त्यांनी लंबगोलाचा आकारही वाटेत बदलत नेला.

त्याच वर्षी, त्याच लॅब्जमधून, या सगळ्याच्या उलट दिशेने एक गोष्ट निघाली. बार्ट सेल्मन यांनी हेक्टर लेव्हेक आणि डेव्हिड मिचेल यांच्याबरोबर जीसॅट आणलं. कुठल्याही मांडणीपासून सुरू करायचं आणि ज्या चलाचं उत्तर उलटं केल्याने जास्तीत जास्त अटी जुळतील ते उलटं करायचं. बस्स. मिचेल, सेल्मन आणि लेव्हेक यांनीच हेही दाखवलं की यादृच्छिक प्रश्न सरसकट अवघड नसतात. तीन-तीन पर्यायांच्या अटींत प्रत्येक चलामागे सुमारे ४.३ अटी झाल्या की तिथे खरी कसोटी लागते, त्याच्या अलीकडे-पलीकडे सोपं पडतं. पुढे हेन्री कौट्झ आणि ब्रॅम कोएन यांच्याबरोबर सेल्मननी वॉकसॅट आणलं आणि करमरकरांच्या गटाने तयार केलेले बंद पेटीचे प्रश्नही त्या साध्या, थोड्या भटक्या चालीने झपाट्याने सुटले. प्रतिस्पर्धी रीती एकाच छपराखाली, एकमेकींचेच प्रश्न घेऊन तपासल्या जात होत्या. संशोधन संस्थेचं याहून चांगलं लक्षण मला ठाऊक नाही.

डेव्हिड जॉन्सन यांनी या तपासणीला शिस्त लावली. रटगर्स, प्रिन्स्टन, बेल लॅब्ज आणि बेलकोर यांनी मिळून १९८९ मध्ये डायमॅक्स हे केंद्र उभं केलं होतं. त्याच्या दुसऱ्या आव्हानात, १९९२-९३ मध्ये, सॅट हा एक विषय होता. सर्वांनी एकाच रूपात प्रश्न लिहायचे असं ठरलं. प्रत्येक चलाला क्रमांक, ‘नाही’साठी उणे चिन्ह, अट संपली की शून्य. ‘−३ −९ ०’ म्हणजे तिसरं आणि नववं दोन्ही एकदम ‘हो’ नकोत. जगातला जवळजवळ प्रत्येक सॅट-प्रोग्रॅम आजही हीच लिपी वाचतो. रेसेंडेंनी दिलेले बंद पेटीचे ४१ प्रश्न त्या संग्रहात आहेत.

मग १९९६ आलं. एटी अँड टी पुन्हा फुटली, या खेपेला आपल्या मर्जीने. बेल लॅब्ज हे नाव आणि मरे हिल ल्युसंट या वेगळ्या निघालेल्या कंपनीकडे गेलं. एटी अँड टीने आपल्या वाट्याच्या संशोधकांना घेऊन एटी अँड टी लॅब्ज काढल्या. त्याच साली जोआँव मार्केस-सिल्वा आणि करीम साकल्ला यांच्या ग्रास्प या प्रोग्रॅमने फांद्यांच्या जुन्या वाटेत नवा जीव ओतला. अडल्यावर नुसतं मागे न फिरता का अडलो ते शोधायचं आणि ते कारण नवी अट म्हणून लिहून ठेवायचं. २००१ मध्ये प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या चॅफने ते इतकं वेगवान केलं की चिप-उद्योग सॅटवर विसंबू लागला. आतली वाट सॅटपुरती मागे पडली. गणिताच्या कारणांनी ती तशीही पडली असती, कारण प्रत्येक पावलाला प्रचंड समीकरणसंच सोडवावा लागतो आणि लाखो चलांना तो पेलत नाही. पण ते समीकरणसंच वेगाने सोडवणारं यंत्र आणि ती रीत एकाच ठिकाणी वाढवण्याची संधीही त्या फुटीत गेली, असं मला वाटतं.

करमरकरांना ते यंत्रच हवं होतं. आतल्या वाटेच्या प्रत्येक पावलात अंक बदलतात, पण कोणत्या अंकाला कोणाची गरज आहे याचा साचा तोच राहतो. तेव्हा प्रोसेसरांमधले निरोप आधीच आखून ठेवता येतील, आणि ती आखणी सांत प्रक्षेपीय भूमितीत मिळते, असा त्यांचा १९९१ चा निबंध आहे. ते भारतात परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही वर्षं प्राध्यापक होते, २००६-०७ मध्ये टाटा समूहाच्या अध्यक्षांचे वैज्ञानिक सल्लागार झाले आणि पुण्यात कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचे संस्थापक-संचालक. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत तिथला ‘एका’ हा महासंगणक ११७.९ टेराफ्लॉप वेगाने चौथा आला, आशियात पहिला. खासगी पैशातून, पुण्यात. २०१२ मध्ये ही संस्था टीसीएसमध्ये गेली. यादीतला क्रमांक सगळ्यांनी छापला. ज्या गणितासाठी असं यंत्र हवं होतं त्याच्याभोवती मरे हिलसारखा मुक्काम मात्र पुण्यात जमला नाही. पुण्यात सीडॅक आहे, टाटांचंच टीआरडीडीसी आहे, मुंबईत आयआयटी आहे, हैदराबादेत चिपवाले आहेत. यांतल्या दहा-बारा जणांना दहा वर्षं एका बोळात बसवणारं कुणी पुढे आलं नाही, याची मला खंत आहे.

दरम्यान अखंड प्रदेशाची वाट दुसऱ्या नावांनी परत आली. गोमन्स आणि विल्यमसन यांनी १९९५ मध्ये उत्तरांना संख्यांऐवजी दिशा मानून, जास्तीत जास्त अटी पाळण्याच्या प्रश्नात खात्रीची टक्केवारी दिली. त्यांच्या हिशेबाला सहसा करमरकरांच्या कुळातली आतली वाटच वापरतात. २०११ मध्ये एर्चे-रावास आणि तोरोत्स्काई यांनी सॅटला अखंड गतीच्या समीकरणांत घालून, अवघड प्रश्नांत ती गती अंदाजापलीकडे भिरभिरते हे दाखवलं. आणि २०२० मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातून फूरिएसॅट आलं. चौकट तीच, −१ ते +१. पण अट इथे बेरजेत न मांडता गुणाकारांच्या बहुपदीत मांडतात. याचा लाभ सम-विषमाच्या अटींत दिसतो. ३२ चलांपैकी ‘हो’ची संख्या विषम हवी, ही एक अट डायमॅक्सच्या लिपीत नवे चल न आणता लिहायची तर २१४ कोटींहून अधिक ओळी लागतात. बहुपदीत ती ३२ चलांचा एकच गुणाकार आहे. १९९७ मध्ये सेल्मन, कौट्झ आणि मॅकअॅलेस्टर यांनी या क्षेत्रापुढे दहा आव्हानं ठेवली होती, त्यातलं एक ३२ बिटांच्या सम-विषमाचंच होतं. उतार शोधत खाली सरकायचं काम आता न्यूरल नेटवर्कसाठी बनलेल्या चिपांवर हजारो ठिकाणांहून एकाच वेळी करता येतं. हा जोर १९९० मध्ये कुणाच्याच हाताशी नव्हता.

एक गोष्ट मात्र या वाटेने अजून साधलेली नाही. मांडणी सापडली तर ती समोर ठेवता येते आणि कुणीही तपासू शकतो. नाही सापडली तर दरी खोटी होती की उत्तरच नव्हतं, हे उतारावरून घसरणारा बिंदू सांगू शकत नाही. फांद्यांची वाट ते सांगते, पुराव्यासकट. २०१६ मध्ये पायथागोरसच्या त्रिकुटांचा एक प्रश्न असा सुटला तेव्हा पुरावा २०० टेराबाइट भरला होता. आणि चिप तपासणाऱ्याला बहुतेक वेळा हवा असतो तो हाच नकार, की कुठल्याही इनपुटाने ही चूक घडणार नाही. आता काही गट दोन्ही जोडून पाहत आहेत. अखंड वाटेने कल काढायचा, कोणत्या प्रश्नाला आधी हात घालायचा ते त्यावरून ठरवायचं आणि निकाल फांद्यांच्या वाटेवर सोपवायचा. त्यांच्या चाचण्यांच्या फायली डायमॅक्सच्याच लिपीत लिहिलेल्या असतात.